आक्काची ताडपत्री

रडारच्या खोलीत नोकरीला लागलो तेव्हा माझी समजूत होती की तिथून आभाळ दिसत असणार. प्रत्यक्षात त्या खोलीला खिडकीच नव्हती. चार संगणक, हाडं गारठवणारा एसी आणि दारावर ‘चपला बाहेर काढा’ अशी पाटी. वर गच्चीवर पांढरा घुमट, त्यात एक मोठी तबकडी गरगर फिरायची, आणि खाली आमच्या वाट्याला नुसते रंग यायचे. हिरवा म्हणजे हलका पाऊस, पिवळा म्हणजे बरा, लाल म्हणजे जोराचा. ती सगळी वर्षं दुष्काळाची होती. दिवसच्या दिवस पडदा कोरा असायचा, आणि आम्ही सरकारी पगार घेऊन कोऱ्या पडद्याकडे बघत बसायचो. मला त्याची लाज वाटायची. बरोबरच्यांना वाटत नव्हती, म्हणून त्यांचा रागही यायचा.

रडार आणलं होतं कृत्रिम पावसासाठी. ढगांत फवारणी करणारं विमान पावसाळ्यात येणार होतं, त्याआधी यंत्राची चाचणी चालू होती. आम्हाला शिकवायला एक वयस्कर साहेब आले होते. त्यांनी आम्हाला दुसऱ्या देशांतली चित्रं दाखवली. पावसाच्या चित्राशेजारी वाऱ्याचंही एक चित्र असतं. वारा रडारकडे येत असला तर हिरवा दिसतो, दूर जात असला तर लाल. एकाच ठिकाणी हिरवा आणि लाल एकमेकांना चिकटून आले, तर समजायचं की ढगाच्या पोटात वारा स्वतःभोवती फिरतोय. मग पावसाच्या चित्रात ढगाला खालच्या अंगाला हुकासारखा आकडा फुटतो, आणि त्या आकड्याच्या टोकाशी चक्री वादळ सोंडेसारखं जमिनीला टेकलेलं असू शकतं. हे सगळं सांगून झाल्यावर साहेबांनी पेन खिशाला लावलं आणि म्हणाले, “परीक्षेला येईल म्हणून लक्षात ठेवा. मराठवाड्यात तुम्हाला हे दिसायचं नाही.”

मी ते लिहून घेतलं. शेवटचं वाक्यसुद्धा.

माझं गाव आष्टी तालुक्यातलं. आमच्या भागात दिवाळी उरकली की निम्मी गावं ऊसतोडीला जातात. आईबापांनी मला वसतिगृहात ठेवलं आणि माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या असलेल्या आक्काला उसाच्या फडावर नेलं. ती तेव्हा चौथीत होती आणि अभ्यासात माझ्यापेक्षा हुशार होती. हे मी नम्रपणा म्हणून सांगत नाही; बेरजा तीच मला शिकवायची. पुढं तिचं लग्न झालं तेही ऊसतोडीतल्याच घरी. ती आणि दाजी मिळून एक कोयता. तिकडं नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात, दोघांपैकी एकटाच आला तर अर्धा कोयता.

चाचणीच्या त्या वर्षी ऊसच नव्हता, म्हणून तोडणारे लवकर परत आले. विहिरींना पाणी नाही, रानात काडी नाही. आष्टीच्या अलीकडं एका माळावर दूध संस्थेनं जनावरांची छावणी उघडली, आणि आक्का आणि दाजी त्यांची बैलजोडी आणि एक गाय घेऊन तिथं राहायला गेले. छावणीचा नियम असा की जनावराजवळ घरचं कुणीतरी मुक्कामाला पाहिजे. त्यामुळं गावंच्या गावं त्या माळावर येऊन पडली होती. दावणीच्या रांगा, वर हिरवी जाळी, एका टोकाला संस्थेचं पत्र्याचं शेड, त्यावर भोंगा. चारा आला की संस्थेचे सचिव भोंग्यावरून सांगायचे, टँकर आला की सांगायचे, कुणाचा बैल सुटला तर तेही सांगायचे.

मी सुट्टीला तिथं गेलो होतो. बायका टँकरची वाट बघत शेणाच्या पाट्या उचलत होत्या, बाप्ये सावलीला पत्ते कुटत होते. आक्का मला बैलांपाशी घेऊन गेली आणि म्हणाली, “तुझ्या त्या यंत्रात आमचा माळ दिसतो का रं?”

“ढग आला तर दिसतो.”

“मग आला की फोन कर. आमी भांडी मांडून ठिवतो.”

आमच्या खोलीतून असा खासगी निरोप द्यायला बंदी होती. अंदाज वरिष्ठांना जायचा, तिथून जिल्ह्याला, तिथून तालुक्याला, आणि तालुक्याला पोचेपर्यंत ढग पुढच्या जिल्ह्यात गेलेला असायचा. मी हो म्हणालो. दुष्काळात पाण्याची खबर दाबून ठेवायची कशाला, असं मला वाटलं आणि आजही वाटतं.

पाणी धरायची युक्ती आक्कानंच काढली. ऊसतोडणीवाल्यांना ताडपत्रीचं कुणी शिकवावं लागत नाही. त्यांची कोपी, म्हणजे फडावरची झोपडी, तिच्यावरच उभी असते. संस्थेकडं चारा झाकायची एक मोठी ताडपत्री होती. तीन बाजू वाशांना बांधायच्या आणि चौथी, उताराची बाजू, माणसांनी हातात धरायची. पाऊस झाला की पाणी झोळीत साठतं, मग धरणारे हळूहळू हात खाली करतात आणि पाणी टाकीत पडतं. उताराचा कोपरा आक्काचा. तिथं जोर लागतो आणि अंदाजही लागतो, म्हणून ती दुसऱ्या कुणाला देत नसे. दोरीचा वेढा मनगटाला घेऊन ती उभी राहायची. उसानं भरलेल्या गाडीवर दोर आवळताना घेतात तसा.

पहिल्या वेळी जमलं. वैशाखातली एक सर, अर्धा तासही पडली नाही, पण मी आधी फोन केला होता आणि ताडपत्री तयार होती. टाकी निम्मी भरली. आक्काचा संध्याकाळी फोन आला. मागं सगळा गलका. “बैल पोट भरस्तोर पाणी प्याले. सगळे म्हणतेत, बाईच्या भावानं पाऊस धाडला.” मी खोलीत एकटा होतो, आणि खरं सांगायचं तर मला रडू आलं. इतक्या वर्षांत तिला उपयोगी पडेल असं मी काहीच केलं नव्हतं.

पुढचे दोन ढग फसले. एक वाटेतच विरला, दुसरा डोंगराच्या पलीकडून निघून गेला. दोन्ही वेळा छावणी ताडपत्री धरून उन्हात उभी. मग लोकांनी आक्काला धरलं. “बाई, भावाचा ढग वाटंत चहाला थांबला का?” “त्याला म्हणावं, येताना पेंड पण घिऊन ये.” सचिव मला फोनवर ‘रडारसाहेब’ म्हणू लागले. माणसं वाईट नव्हती, पण उन्हातान्हात बसलेल्या माणसाला हसायला काहीतरी लागतं. मला त्याचं काही नव्हतं. आक्काला मात्र लागलं. ती फोनवर एवढंच म्हणाली, “पक्कं असलं तरच सांगत जा. मला न्हाई, तुला बोलतेत.”

तेव्हापासून मी टपून बसलो. साधा ढग नको होता मला. छावणीची तोंडं बंद करील असा हवा होता.

तो आला जूनच्या तोंडावर, दुपारी तीनच्या पुढं. नगरच्या बाजूनं एक ढग असा झपाट्यानं वाढला की दर दहा मिनिटांच्या चित्रात दुप्पट. आधी हिरवा, मग पिवळा, मग मध्ये लाल. चाल सरळ आष्टीकडं. मी लगेच फोन लावला. सचिवांनी उचलला.

“येतोय,” मी म्हणालो. “आज मोठा आहे.”

“रडारसाहेब, मागच्या टायमाला पण मोठाच हुता.”

“आक्काला द्या.”

आक्का शेडपाशीच असावी. तिनं फोन घेतला. “पक्कं का?”

“पक्कं.”

“मग सांगते सगळ्याला,” ती म्हणाली. तिच्या आवाजात ती चौथीतली मुलगी होती, गणित सुटलेली. फोन ठेवायच्या आधीच भोंगा घरघरायला लागलेला मला ऐकू आला.

मी पाणी प्यालो, खुर्चीत टेकलो, आणि मग, एरवी शेवटी बघायचं ते वाऱ्याचं चित्र उघडलं. ढगाच्या दक्षिण अंगाला हिरवा आणि लाल एकमेकांना चिकटून होते.

मला काय दिसतंय ते मला कळलं. हे मी अनेकदा वेगळं सांगितलं आहे, चौकशीला आलेल्यांना आणि घरातही. यंत्र नवं होतं, चाचणी चालू होती, खात्री नव्हती, असं. यंत्र नवं होतं हे खरं. पण पहिल्या क्षणीच मला साहेबांनी शिकवलेलं आठवलं, म्हणजे कळलं होतं. मग मी स्वतःला साहेबांच्या शेवटच्या वाक्याची आठवण करून दिली. मराठवाड्यात हे दिसत नाही. आणि त्या वाक्याच्या आड माझी खरी गोष्ट होती. आत्ता फोन करून ताडपत्री सोडा, पळा म्हणायचं, आणि पुन्हा काहीच झालं नाही, तर आक्कानं तोंड कुठं दाखवायचं? आणि नुसता पाऊसच असला तर? इतकं पाणी मी सोडायला लावायचं?

मी पुढच्या चित्राची वाट पाहिली. दहा मिनिटं. त्यात दोन्ही रंग अजून गडद झालेले. तरी मी पावसाच्या चित्राकडं वळलो, कारण आकडा फुटलेला नव्हता. आकडा नाही म्हणजे वादळ नाही, असं मी मनाशी घोकत आणखी एक चित्र येऊ दिलं.

त्यात आकडा होता. अगदी वहीत काढला होता तसा.

सचिवांचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. नंतर कळलं की तेही ताडपत्रीची एक कड धरून उभे होते. इतके दिवस थट्टा केली म्हणून त्या दिवशी हौसेनं पुढं आले होते. दाजींचा फोन लागेना. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला लावला. तिथल्या माणसानं शांतपणे विचारलं, “वादळ कोणत्या गावात आहे, साहेब?” मी सांगितलं. “तिथून तशी खबर आलेली नाही. खबर आली की कळवतो.” मी त्याच्यावर ओरडलो. माझा स्वभाव तापट आहे हे खरं, पण त्या दिवशी मी ज्याच्यावर ओरडायला हवं होतं तो माणूस माझ्याच खुर्चीत बसला होता.

मग पुढचं चित्र आलं. आकड्याचं टोक छावणीच्या पुढं सरकलं होतं. त्याच्या पुढच्या चित्रात आकडा मोडला, आणि तासाभरात बीडच्या बाजूला तो ढग विस्कटून हिरवट ठिपके तेवढे उरले. पडदा स्वच्छ झाला. मी तिथंच बसून होतो. बाहेर काय झालं असेल ते सांगणारा एकही रंग त्या यंत्रात नव्हता.

दाजींचा फोन दिवस मावळायला आला. “शेडचं पत्रं गेलं. दोन जनावरं गेली. माणसं वाचली समदी. आक्काला नगरला आणलंय, हाताला लागलंय जरा.”

जरा नव्हतं. आधी वारा पडला, मग एका अंगानं धुळीचा उभा खांब आला. ताडपत्री खालून फुगली आणि तिनं वासे उपटले. धरणाऱ्यांनी हात सोडले. आक्काच्या मनगटाला वेढा होता. ताडपत्रीनं तिला उचलून दावणीच्या तीन रांगांपलीकडं नेऊन टाकलं, आणि दोरीनं जे करायचं ते केलं. डॉक्टरांनी उजवा हात मनगटाच्या वरून काढला.

मी पोचलो तेव्हा ती शुद्धीवर होती. चेहरा पांढराफटक. मला बघून तिनं पहिलं विचारलं, “टाकीत पाणी किती आलं?”

मागोमाग पाऊस पडलाच होता, आणि खूप पडला होता. ताडपत्री नव्हती तरी टाकी उघडी होती, गव्हाणी उघड्या होत्या, पत्रे पडले होते तिथं तळी साचली होती. जनावरं दोन दिवस तेच पाणी प्याली. मी तिला सांगितलं, “भरली.” ती हसली. त्या हसण्याला मी आजही सामोरा जाऊ शकत नाही.

मला कुणी काही म्हणालं नाही. खासगी फोनची कुठं नोंद नव्हती. साहेबांनी तर पाठ थोपटली, की मराठवाड्यातलं असं चित्र आपल्या यंत्रानं पकडलं. ते चित्र पुढं नव्या मुलांना शिकवायला वापरू लागले. दर वर्षी कुणीतरी ते पडद्यावर लावतं आणि हिरवा-लाल दाखवून आकड्यावर काठी ठेवतं. मी त्या तासाला चहाला जातो.

दिवाळीनंतर टोळी कारखान्याला निघाली. मुकादमानं दाजींना अर्धा कोयता म्हणून घेतलं. आक्का घरी राहिली, चौथीनंतर पहिल्यांदाच हिवाळा घरी. ती डाव्या हातानं सगळं शिकली. डाव्या हातानं गाय पिळते, किटली दंडाला अडकवून दूध संस्थेत घालून येते. भाकरी मात्र एका हातानं थापता येत नाही. तव्यावर पीठ पसरून धिरडं करते आणि त्यालाच भाकरी म्हणते. मी जेवायला बसलो की दाजी म्हणतात, “भाकर लई झ्याक झालीय.” आम्ही दोघं मान खाली घालून खातो.

तिनं मला कधी बोल लावला नाही. तिनं एकदा तरी शिव्या द्याव्यात, असं मला वाटायचं. मी स्वतःहून काही बोललो नाही. त्या दोन चित्रांचं तिला सांगावं असं दर सुट्टीला ठरवायचो, आणि दर सुट्टीला दुसऱ्याच गप्पा मारून परत यायचो.

मग कैक वर्षांनी ती शहरात आली, गुडघा दाखवायला. परत जायच्या दिवशी म्हणाली, “तुझं यंत्र दाव की. मेल्यावर दावणार हायस का?”

रविवार होता, खोलीत कुणी नव्हतं. तिनं पाटी वाचून चपला बाहेर काढल्या आणि एसीचा गारठा बघून पदर गुंडाळून घेतला. मी तिला कोरा पडदा दाखवला. तिनं मान हलवली. “हे न्हाई. त्या दिवसाचं दाव.”

मी लावलं. एकामागून एक चित्रं सरकली. ढग उगवला, वाढला, पुढं निघाला.

“आष्टी कुठं?”

मी बोट ठेवलं.

“छावणी?”

तिथंही ठेवलं.

“मी दिसत न्हाई.”

“माणसं दिसत नाहीत, आक्का. तिथवर जाईस्तोवर रडारची नजर जमिनीपासून खूप उंच गेलेली असते. वरचा ढग तेवढा दिसतो.”

“आस्सं,” ती म्हणाली. मग पडद्याकडंच बघत, “वारं पडलं ना, तवाच बाकीचे म्हणाले, सोड बाई, हे काय खरं दिसत न्हाई. मी म्हणलं, कावून सोडू? माझा भाऊ बघतोय. भ्यायचं असतं तर त्यानं सांगितलं असतं.”

माझ्या हातात माउस होता. मी चित्रं तिथंच थांबवली.

“कधी कळलं तुला?” तिनं विचारलं.

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. मी चित्रं मागं नेली, हिरवा आणि लाल चिकटलेले पहिल्यांदा दिसले तिथं थांबवलं. “इथं.”

“आन् पळा म्हणायला फोन कवा केलास?”

मी एक चित्र पुढं नेलं. मग आणखी एक. आकडा आला. “इथं.”

ती पुढं वाकली. डाव्या हाताचं बोट काचेला न लावता तिनं ती चित्रं मला पुन्हा मागं-पुढं करायला लावली. बेरजेत ती पहिल्यापासूनच पक्की. “म्हंजी दोन टायम गेले मधी. काय करत हुतास?”

“वाट बघत होतो.”

“कशाची?”

“नुसता पाऊसच असेल याची.”

वर गच्चीवर तबकडी फिरल्याचा घोगरा आवाज येत होता. मला वाटलं, आता उठेल आणि जाईल, आणि तिनं तसंच करावं असंही वाटलं.

“मी बी तेच करत हुते,” ती म्हणाली. “दोरी धरून.”

मग तिनं डाव्या हातानं माझ्या हाताखालचा माउस बाजूला सारला आणि म्हणाली, आता बंद कर, माझी गाडी चुकंल.